साठ कुंड्या तोंडाची फुलं

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ही वही माझी न्हाई. दीपमालाच्या कालेजातली हाय, एका पानावर रेघा अन् एक पान कोरं. मनली, आजे, मी ट्रेनिंगला चालले, तीन आठवडे न्हाई. रोज रोपांची नोंद ठेव. पाणी कवा घातलं, पान कसं दिसलं, वरून काय टाकलं, समदं लिही. मी मनलं, मला काय तलाठी समजलीस का. चौथीपस्तोर शिकले मी, तेबी मास्तर भला होता म्हणून. तर मनली, शुद्ध-अशुद्ध मी बघत न्हाई, खरं लिही मंजे झालं.

दीपमाला माझी नात. माझ्या शेषेरावाची थोरली. डाक्टर व्हायला लातुरात दोन वर्षं क्लासला होती, नंबर लागला न्हाई. मग शेतकीचं कालेज केलं. आता घराच्या मागं पडवीला हिरवं नेट बांधून फुलझाडं करायली. फूल कसलं, तर व्हायोला म्हणं. इंग्रजी फूल. देवाला चालत न्हाई, येणीत बसत न्हाई, वास घ्यायला नाक आत घालावं लागतं. थंडीत येतं अन् ऊन तापलं की मरतं. मी मनलं, ह्याच्यापेक्षा कोथिंबीर लाव.

पण तिचं गिऱ्हाईक ठरलेलं हाय. लातुरात पोरींची अभ्यासिका हाय, तिथंच ही दोन वर्षं बसायची. साठ पोरी, साठ टेबलं, अन् समद्यांची तोंडं भिंतीकडं. दिवस उगवल्यापासून मावळंपर्यंत भिंत. हिनं मालकीणबाईला सांगितलं, दर पोरीला एक कुंडी द्या, दिवसा खिडकीत, सांजच्याला टेबलावर. बाई हो मनली. संक्रांतीच्या आत साठ कुंड्या पोचवायच्या, फुलासकट.

शेषेरावानं त्याच्यावर अट घातली. साठ गेल्या तर विहिरीजवळचा तुकडा तिला फुलझाडाला देणार. न्हाई गेल्या तर संक्रांत झाली की पुण्याला, सरकारी परीक्षेच्या क्लासला. पोरगी माझ्याकडनं येणी घालून घेत होती तवा हळूच मनली, "आजे, मला परत भिंतीकडं तोंड करून बसायचं न्हाई गं."

मी मनलं, डोकं हलवू नको, येणी वाकडी होती.

कुंड्या सहासष्ट हायत, सहा मरतुकीला धरून. ह्याबिगर अजून तीन तिनं शेजारच्या कोंडाबाईला फुकट दिल्या. कामून दिल्या इचारलं तर मनली, ती मागं लागली होती. कोंडाबाई कशाच्या मागं लागत न्हाई ते सांग मनलं.

३० नोव्हेंबर

बुडात पाणी घातलं. पानावर पाणी पाडू नको असं दीपमाला सांगून गेलीय, न्हाई पाडलं.

पाच-सहा फुलं उमलली. ह्या फुलाला तोंड असतंय. खरंच. डोळे, मिशा, हनुवटी समदं. एक पिवळं हाय काळ्या मिशांचं, ते आमच्या मामंजीसारखं दिसतं, जेवायला उशीर झाला की असेच बघायचे. एक पांढरं हाय, ते आमच्या जुन्या सरपंचासारखं, हसायलंय का रडायलंय कळत न्हाई. अन् मधल्या रांगेत एक जांभळं हाय, तोंड वाकडं केलेलं. शेजारणीची भाजी आपल्यापेक्षा चांगली झाली असं कळल्यावर होतं तसं. ते कोंडाबाई.

मी त्यांना तोंडाची फुलं म्हणते. व्हायोला म्हणायला दात लागतात.

२ डिसेंबर, मंगळवार

एका कळीवर हिरवा मावा दिसला. एकच किडा होता, चिरडला. पण एक दिसला मंजे घरात दहा असणार.

चुलीची राख चाळली, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधली अन् समद्या पानांवर झटकली. आमच्या वालाला, वांग्याला जिंदगीभर हेच केलं. पोरीच्या पुस्तकात हे सापडणार न्हाई. आली की दाखवते.

राख टाकली.

३ डिसेंबर

पाणी घातलं. राख टाकली.

कोंडाबाई येऊन बघून गेली. लई गोड हायत गं, मनली. चहा पिली.

५ डिसेंबर

राख पुसून एक पान बघितलं. बारीक पांढरे ठिपके, मीठ शिंपडल्यासारखे. पान जरा पिवळंबी वाटलं. दुखणं वाढलं तर औषध वाढवायचं, हे काय शिकवायला लागत न्हाई. सकाळी एकदा अन् सांजच्याला एकदा राख टाकली.

कोंडाबाई परत आली. परत मनली लई गोड. परत चहा.

८ डिसेंबर, सोमवार

आज जाळं दिसलं. कळीपासून पानापर्यंत, बारीक, रेशमासारखं. मामंजीच्या मिशांना जाळं, सरपंचाच्या डोळ्यांना जाळं. कोळ्यानं घर केलं मनलं अन् कोळी हुडकला. समद्या कुंड्या पालथ्या घालून बघितलं, एक कोळी सापडंना. कोळ्याबिगर जाळं माझ्या जिंदगीत बघितलं न्हाई.

मग माझ्या ध्यानात आलं. आठ दिवसांत कोंडाबाई दोनदा आली अन् दोन्हीदा लई गोड मनली. मीठ-मिरच्या घेऊन कुंड्यांवरून उतरवल्या अन् चुलीत टाकल्या. ठसका आला न्हाई. मिरची जळून ठसका येत न्हाई मंजे दृष्टच हाय, ह्याला काही साक्षीदार लागत न्हाई.

कोंडाबाई सांजच्याला आली तवा तोंडावर सांगितलं, माझ्या पडवीत येऊ नको, तुझी नजर बरी न्हाई. ती चहा अर्धा ठेवून गेली. चाळीस वर्षांत तिनं चहा अर्धा ठेवलेला मी बघितला न्हाई.

राख टाकली.

१० डिसेंबर

दीपमालाचा फोन आला. रोपं कशी हायत मनली. मी मनलं, बरी हायत, तू जेवलीस का. मनली, नोंद ठेवायलीस ना. मनलं, हाव.

खोटं बोलले न्हाई. नोंद ठेवायलेच की.

११ डिसेंबर, गुरुवार

कृषी सहायक अश्वजित हरभरा बघायला आला होता. उदगीरकडचं पोरगं हाय, चप्पल बाहेर काढून येतं म्हणून मला पटतं. शेताकडून येताना त्याला धरून पडवीत आणलं.

त्यानं आधी पान उलटं केलं. मी एवढ्या दिवसांत पानाची पाठ बघितलीच नव्हती. मग पांढरा कागद मागितला. मी लग्नपत्रिका दिली, तिची पाठ कोरी असती. त्यानं पत्रिका पानाखाली धरली अन् पानावर टिचकी मारली. लाल तिखटाची चिमूट पडावी तसे ठिपके पडले.

"आता बघत ऱ्हा, आजी," मनला.

ठिपके चालायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. त्यानं बोट फिरवलं तर कागदावर लाल रेघ उठली.

हा लाल कोळी, मनला. कापसावर येतो तोच. टाचणीच्या टोकाएवढा असतो. पानाच्या पाठीमागं बसून रस पितो, म्हणून वरून पांढरे ठिपके दिसतात, अन् लई झाला की जाळं विणतो. कोरडं अन् धूळ असलं की त्याची चंगळ. पानावर धूळ बसू देऊ नका, पाठीमागून पाण्यानं धुवा. मग त्यानं पानावरून बोट फिरवून बघितलं अन् मनला, केवढी धूळ बसलीय इथं, वरून काही टाकता का?

मी मनलं, औषध कायबी टाकत न्हाई. पडवीपलीकडं रस्ता हाय ना, मुरमाचे टिप्पर जातात.

राखेचं सांगितलं न्हाई. शिकलेली माणसं राखेला हसतात. अन् राख काय औषध हाय का.

१३ डिसेंबर

रस्त्याच्या बाजूला पडवीला चार जुनी लुगडी बांधली. आता टिप्परची धूळ येऊन दाखवावी. पान धुवा मनला अश्वजित, पण दीपमाला मनलेली पानावर पाणी पाडू नको, अन् एवढ्या गारठ्यात रोपं भिजवली तर सर्दीनं मरतील. धुतलं न्हाई.

धूळ आत येत न्हाई हे बघून मग नीट राख टाकली.

१५ डिसेंबर, सोमवार

अठ्ठावीस कुंड्यांना जाळं. कळ्या उमलायच्या आधी सुकायल्यात. लुगडी बांधून दोन दिवस झाले, धूळ न्हाई, काही न्हाई, तरी वाढायलं. हा कोळी मेला कुठल्या जातीचा हाय.

शेषेरावानं बघितलं. सरळ कापसाच्या फवारणीची बाटली घेऊन आला, मनला एका दमात साफ करतो. मी पडवीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. मनलं, पोरीला इचारल्याबिगर मारायचं असंल तर माझ्या अंगावरून जा. त्यानं फोन लावून माझ्या कानाला दिला अन् मनला, मग तूच सांग.

सांगितलं. जाळं, ठिपके, लाल कोळी, समदं. पोरगी मनली, ती बाटली मारू देऊ नको आजे, तो किडा न्हाई, त्याला आठ पाय असतात, त्या औषधानं तो मरत न्हाई, त्याला खाणारे मात्र मरतात. मी परवा निघते, ट्रेनिंग संपतंयच.

शेषेराव बाटली घेऊन गेला. जाताना मनला, सांगितलं होतं मी, हे इंग्रजी रोप आपल्या मातीतलं न्हाई, रोपातच खोट हाय.

मलाबी तसंच वाटायलं होतं.

राख टाकली.

१८ डिसेंबर, गुरुवार

दीपमाला सकाळी आली. पिशवी खाली ठेवली न्हाई, आधी पडवीत गेली. समद्या रांगा फिरली, पानं उलटी केली, पानांवरून बोट फिरवलं अन् बोटाकडं बघत उभी राहिली. मग मनली, वही दे.

मी वही दिली. उंबऱ्यावर बसून वाचायला लागली. मधीच कंपासमधला लाल पेन काढला अन् गोल करायला लागली. मला वाटलं अशुद्ध काढायली. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडायली. तिनं वर बघितलं तर हसायली. एवढी हसायली की उज्वला, माझी सून, चुलीपासनं उठून आली.

वही माझ्यापुढं धरली. जिथं जिथं राख लिहिलं तिथं लाल गोल. प्रत्येक गोलाच्या खाली पान पिवळं, जाळं, जाळं वाढलं. माझ्याच अक्षरात.

"आजे, राख मंजे धूळच की गं," मनली. "बाहेरची धूळ लुगडं बांधून अडवलीस अन् आतनं चाळून टाकलीस."

मी मनलं, वालाला चालती. मनली, शेतातल्या वालाला वारा लागतो, दव पडतं, राख धुऊन जाती. इथं वर नेट, खाली कोरडं, पानाला पाण्याचा थेंब न्हाई. राख बसली ती बसली. कोळ्याला खाणारे बारके जीव राखेत टिकत न्हाईत, अन् कोळी खाली पानाच्या पाठीमागं खुशाल. पानावर पाणी पाडू नको हे सांगताना मीबी रोग आला तर काय ते सांगितलं न्हाई, ते माझंबी चुकलं, मनली.

मग वही मिटली अन् मनली, बाबांना राखेचं सांगायचं न्हाई. त्यांना रोपात खोट वाटायली तर वाटू दे. उगं तुला बोलतील.

बरंच झालं, मनलं.

वहीतली तेवढी पानं फाडावी असं एकदा मनात आलं. पण शिवलेली वही हाय, एक पान फाडलं की दुसरीकडचंबी सुटतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार, येळवस

वेळ अमावस्येची पूजा, समदे शेतात. कडब्याची कोप, झोपडीवाणी, उभी केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, पुजले. उज्वलानं हिरव्या दाण्यांची अन् भाज्यांची भज्जी अशी केली की मी दोनदा घेतली, तिला सांगितलं न्हाई. बाजरीचे उंडे, धपाटे, मडकंभर ताकाची अंबील. शेषेरावाचे साडू-मेहुणे, त्यांची लेकरं, वीस-पंचवीस माणूस होतं. शेषेराव शेताला फेरी मारून अंबील शिंपडून आला अन् जेवायला बसला.

साडूनं इचारलं, पोरीच्या फुलांचं काय झालं. शेषेराव मनला, मेली. रोपातच खोट निघाली. संक्रांत झाली की पुण्याला पाठवतो. पोरगी वाढायली होती. तिनं मान खाली घातली अन् अंबीलीचा तांब्या घेऊन पुढच्या माणसाकडं गेली. मला तिचं न बोलणं लई झोंबलं. मला वाटलं होतं भांडंल.

भज्जीचा घास खाली ठेवला.

"खोट रोपात न्हाई रे शेषेराव," मनलं, "माझ्या हातात हाय. सोळा दिवस मी त्या पानांवर राख टाकली. लिहून ठेवलंय, येऊन वाच."

साडूचं एक लेकरू खिदळलं, त्याला त्याच्या आईनं चापट मारली. शेषेराव माझ्याकडं बघत राहिला. माझा लेक हाय, त्यानं मला कधी चूक कबूल करताना बघितलं न्हाई, कारण मी कधी केली न्हाई.

मग मनला, "राख? वांग्याला टाकतो ती?"

"तीच."

"मीबी तेच केलं असतं," मनला अन् जेवायला लागला. हात धुताना पोरीला मनला, संक्रांतीला सव्वीस दिवस हायत, काय करायचं ते कर.

घरी येताना बैलगाडीत पोरगी माझ्या मांडीला टेकून बसली. एवढी मोठी घोडी, पाय बधिर झाले माझे.

२० डिसेंबर

आज पहिली धुणी.

आधी जाळ्यांनी गच्च भरलेल्या कुंड्या बाजूला काढून कोंबड्यांच्या खुराड्यापाशी नेल्या. खराब पानं तोडून पिशवीत बांधली. मग रिठे भिजवून फेस केला. दीपमाला पंपानं पानाच्या पाठीला पाणी मारायची, मी रिठ्याचं पाणी हातावर घेऊन पान खालनं चोळायचे. लेकराला न्हाऊ घालताना कानामागं धुतो तसं. मामंजीला धुतलं, सरपंचाला धुतलं. राखेचं पाणी न्हाणीपर्यंत काळं वाहत गेलं. उज्वला मनली, तुमच्या राखेनं माझी न्हाणी भरली. मी मनलं, राख तुझ्याच चुलीची हाय.

आठ कुंड्या वाचण्यासारख्या नव्हत्या. उपटून लांब खड्ड्यात पुरल्या. कोंडाबाईच्या तोंडाची जगली, पण पानं डागाळली, नेण्यासारखी न्हाई. मंजे सत्तावन्न. साठाला तीन कमी.

तीन कुठं हायत ते मला माहीत हाय. नंतर बघू.

२३ डिसेंबर

दुसरी धुणी. एकदा धुतलं की झालं असं न्हाई. आज मेला तो चालता कोळी, अंडी पानावर राहतात, ती फुटली की परत. म्हणून तीन दिवसांनी, परत तीन दिवसांनी. आज रिठ्यात लिंबोळीचं तेल घातलं. समदी पडवी कडू झाली, मांजर आत यायला तयार न्हाई.

२६ डिसेंबर

तिसरी धुणी. आज पंप शेषेरावानं मारला. पोरीचा खांदा दुखायलाय मनून. कापसाचं औषध राहिलं असंल म्हणून त्यानं पंप आधी घासून सात पाणी धुतला, हे मी दारातनं बघितलं. पानाची पाठ कशी धरायची ते मी दाखवलं. मनला, माय, मला शिकवायलीस का. मनलं, आता मला येतंय.

२९ डिसेंबर, सोमवार

लग्नपत्रिका घेऊन टिचकी मारली. चार ठिपके पडले. तीन धुळीचे, एक चालला. चौथी धुणी केली.

२ जानेवारी

दहा कुंड्यांखाली पत्रिका धरली. एकबी चालला न्हाई. मधनं नवी पानं फुटायलीत, हिरवीगार, कानासारखी. जाळं न्हाई. कळ्या मोजल्या न्हाईत, नजर लागती. म्हणजे लागत न्हाई, पण मोजल्या न्हाईत.

५ जानेवारी, सोमवार

आज कोंडाबाईकडं गेले.

तिच्या भिंतीवर तीन कुंड्या, फुलांनी लदलेल्या. एक पान पिवळं न्हाई. मी उलटं करून बघितलं, पाठ स्वच्छ. इचारलं, काय टाकतीस? मनली, काय टाकायचं, शेजारी भांडी घासते, पाणी उडतं त्यांच्यावर. ह्या बाईनं काही केलं न्हाई अन् तिची फुलं माझ्यापेक्षा चांगली. माझं तोंड कसं झालं असंल देव जाणे.

मनलं, पोरीला साठाला तीन कमी हायत. कोंडाबाई भांडी घासत राहिली. तवा, मग कढई, मग परत तवा. मग मनली, माझी नजर बरी न्हाई ना? मग माझ्या नजरेखालच्या कुंड्या कशाला.

"नजर तुझी न्हाई," मनलं, "राख माझी होती."

तिला कळलं न्हाई. मग बसून पहिल्यापासनं सांगितलं, लुगड्यांसकट. ती हसून हसून तव्यावर पडायची राहिली. मग उठून आत गेली अन् चहा घेऊन आली. दोघींनी पिला. तिनं पूर्ण पिला, मी बघितलं.

कुंड्या देते, मनली, पण टेंपोत मीबी लातूरला येणार.

१२ जानेवारी, सोमवार

तालुक्याच्या गावाहून, शिरूरहून, टेंपो केला. पुढं डायवर अन् शेषेराव, मागं साठ कुंड्यांत आम्ही तिघी, अंगावर चादर. कुंड्या हलू नयेत म्हणून मधी मधी कडबा घातला होता. कोंडाबाईनं रस्ताभर तिच्या तीन कुंड्या मांडीवर धरल्या, जशा काय नाती.

अभ्यासिकेच्या दारावर पाटी हाय, बोलू नये. मी वाचली अन् कोंडाबाईला सांगितली, तर तीच मोठ्यानं मनली, बोलू नये? मग करतात काय? आतल्या साठ पोरींनी मान वळवली. साठ टेबलं, साठ दिवे, साठ भिंतीचे तुकडे, अन् त्या भिंतीवर चिकटवलेले कागदच कागद. तोंडं पिवळी पडलेली. मला एकदम डिसेंबरातली रोपं आठवली.

आम्ही एकेक कुंडी ठेवत गेलो. एका चष्मेवाल्या पोरीपुढं मामंजी ठेवले. ती बघत राहिली, मग मनली, "अगं, हे तर आमच्या मामासारखं हाय. जेवायला उशीर झाला की असाच बघतो." तिची शेजारीण बघायला वाकली, ती मनली माझं तर पेपर तपासणाऱ्या सरांसारखं हाय. मग तिसरी. मग समदी अभ्यासिका हसायला लागली. मालकीणबाई आतनं आली, पाटीकडं बघितलं, पोरींकडं बघितलं अन् परत आत गेली.

दीपमालानं शेवटची कुंडी कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवली. तिथं बसलेली पोरगी पाणी प्यायला गेली होती. दीपमालानं भिंतीवर एका जागी बोट ठेवलं, तिथं पेन्सिलनं बारक्या रेघा ओढलेल्या होत्या, लई, रांगेनं, दिवस मोजल्यासारख्या. हे तिचंच जुनं टेबल असणार. मग डोळे पुसले. काहीतरी गेलं असणार. लातुरात धूळ लई.

शेषेराव दारात उभा होता. आत आला न्हाई, पण बघत होता. येताना पुढं डायवरजवळ बसला न्हाई, मागं आमच्यात कडब्यावर बसला.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

सकाळी शेषेराव दिसंना. तिळगूळ घेऊन उज्वला हुडकायली. विहिरीजवळच्या तुकड्यात सापडला, दोरी धरून खुंट्या ठोकत होता. तीन बाजू झाल्या होत्या. दीपमाला चौथ्या खुंटीपाशी जाऊन उभी राहिली अन् दोरीचं टोक धरलं. तो मनला, ताण. तिनं ताणली.

गोड बोला असं कुणी कुणाला मनलं न्हाई. मला चाललं.

१८ जानेवारी, रविवार

कोंडाबाईला तिची कुंडी नेऊन दिली. तीन घेतल्या तर एक तरी द्यायला पाहिजे. मधल्या रांगेतली, वाकड्या तोंडाची, डागाळलेली. डागाची पानं गळाली, नवी आलीत, अन् दोन फुलं लागलीत. तेच तोंड, तेच वाकडं.

मी मनातल्या मनात हसत तिच्या भिंतीवर ठेवली. मनलं, बघ बरं, कुणासारखं दिसतं.

कोंडाबाईनं हात पदराला पुसले. कुंडी उचलून डोळ्यांजवळ धरली. इकडनं बघितली, तिकडनं बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"अगं बया," मनली, "हुबेहूब तू."

घरी येऊन न्हाणीजवळच्या आरशात बघितलं. कुणी न्हाई असं बघून जरा तोंड वाकडंबी करून बघितलं.

आजची नोंद. पानं पाठीमागून धुतली. राख टाकली न्हाई. कोंडाबाईची नजर चांगली हाय.